गुरुवारी पिंप रिकामं

…नाही म्हटलं ना, कोणाला ताप नाही या घरात. लिही तुझ्या वहीत, ताप नाही. होता, तो आज सकाळी उतरला, म्हणजे आता नाही, खरं की नाही? आणि जरा हळू बोल, हे आत झोपलेत. चार दिवस डोळ्याला डोळा नव्हता त्यांच्या, आत्ता कुठे गप्प पडलेत. बस ना, उभी का? त्या खुर्चीचा पाय हलतो, स्टुलावर बस.

आणि मला काही शिकवू नकोस हं आज. तुझं भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकलंय — ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये, दोन महिने झाले, आठवतंय? पडद्यावर डास दाखवलास तो कबुतराएवढा. हे माझ्या कानाशी म्हणाले, एवढा असता तर निदान दिसला तरी असता. मी हसले तर तू माझ्याकडे बघितलंस, वर्गात बाई बघतात तशी. आणि तो कागद वाटलास, त्यावर मुंगीएवढी अक्षरं — म्हाताऱ्यांसाठीच छापलाय ना तो? मग म्हाताऱ्यांना वाचता येईल असा छापायला कोणी नको म्हटलं होतं? भिंग लावून वाचला मी, ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. हा डेंग्यूचा डास दिवसा चावतो म्हणे. बरं, दिवसा चावतो, मग आम्ही काय करायचं? रात्री मच्छरदाणी लावतो आम्ही, चारी बाजूंनी खोचून. पण हे दुपारी मागच्या दाराशी आरामखुर्ची टाकून पडतात, बनियनवर, तिथे पिंपाजवळ जरा गारवा असतो म्हणून. चाळीस वर्षं छापखान्यात उभा राहिलेला माणूस, त्याने दुपारचं आडवंही होऊ नये का? तेव्हा मच्छरदाणी कशाला टांगू, आभाळाला? — पूर्ण बाह्यांचा सदरा? अगं, उकाड्यात तू घालून बस म्हणजे कळेल.

पिंप बघायचंय तर बघ. बॅटरी आणलीस ना, मार आत. झाकण तडकलंय, त्याच्यावर फळी टाकलीये, एका अंगाने राहतं थोडं उघडं, पण दर गुरुवारी रिकामं करतो आम्ही, तू सांगितलंस तसं — एक गुरुवार चुकवलेला नाही. आठवड्यातून एकदा रिकामं करा, म्हणायला तुमचं काय जातंय? भरलेलं पिंप हलवून बघितलंयस कधी? माझा गुडघा हा असा, ह्यांची कंबर ती तशी. मग आम्ही तांब्याने काढतो, एक तांब्या मी, एक तांब्या हे, तास-दीड तास. सगळं त्या धाकट्या पिंपात ओतायचं, मोठं अगदी तळापर्यंत रिकामं, आणि मग धाकट्यातलं परत मोठ्यात —

आता अशी काय बघतेस? टाकून कसं देणार? नळाला पाणी दिवसाआड, तेही तासभर, करंगळीएवढी धार. तू रिकामं करा म्हणालीस. टाकून द्या म्हणाली नव्हतीस. …म्हणालीस? मग मला नाही ऐकू आलं. आणि घासायचं कशाला, आमचं पाणी काय घाण आहे? …कडेला? अंडी कडेला चिकटलेली राहतात? आणि पाण्यातल्या अळ्या — म्हणजे आम्ही त्यांना या पिंपातून त्या पिंपात न्यायचो, आणि परत आणून सोडायचो? दर गुरुवारी? हाताने?

ह्यांना नको सांगूस हे. त्यांची काही चूक नाही. ते म्हणत होते, ओत ते झाडांना आणि मोकळी हो, दोन दिवस कमी पाण्यात भागवू. मीच फणकारले, चांगलं पाणी मातीत घालायला मन तरी कसं होतं तुमचं, म्हटलं. मग बिचाऱ्यांनी तांब्या घेतला हातात.

डॉक्टरकडे नाही नेलं. कशाला? तिथे चार तास बाकावर बसवतात, धडधाकट माणूस आजारी पडेल. घरात गोळ्या होत्या की, माझ्या गुडघ्याच्या. अंग मोडून आलं होतं त्यांचं, डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणत होते. दिवसाला तीन दिल्या. ही बघ पट्टी — का, काय झालं? या तापात चालत नाहीत म्हणजे? चालल्या की, लागू पडल्या चांगल्या. पोट दुखलं थोडं, काल रात्रीपासून दोन-तीन उलट्या झाल्या, पण उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की होणारच. दंडावर लाल ठिपके उठलेत, ते नव्या साबणाचे. सकाळी हात लावून बघितला तर अंग गार, हात गार, पाय गार — देवच पावला म्हटलं. मघाशी चहाला दोनदा हाक मारली, नुसतं हूं म्हणाले आणि कुशीवर वळले. इतकी गाढ झोप कितीतरी दिवसांत नाही लागली त्यांना.

कुठे चाललीस? अगं, आत नको, जागे होतील ते. फोन कोणाला लावतेस? गाडी कशाला? ताप उतरलाय म्हणतेय ना मी… उतरल्यावरच जपायचं असतं? हे कधी सांगितलंस? …शेवटी. शेवटी आम्ही नव्हतो हॉलमध्ये. ह्यांना ऐकायचं होतं पुढचं, मीच उठवलं मधून. म्हटलं, चला हो, कळलं सगळं, आज गुरुवार आहे, आजपासूनच दर गुरुवारी पिंप रिकामं करू.

तू नको हाक मारूस. तुझ्या आवाजाला ते नाही उठायचे, त्यांना माझ्या आवाजाची सवय आहे. सरक, मला बसू दे त्यांच्यापाशी.

अहो. अहो, चहा झालाय. अहो —