मोजताना बोलायचं नाही

ग्लासगोच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक वयस्कर डॉक्टर आणि त्यांची सून बसले होते. डॉक्टरांच्या मांडीवर नवा खोका होता.

“आसावरी, अगं जुना तराजू आहे की. नेमबाजीच्या क्लबात सगळे विचारतात, तुमची घरी भरलेली काडतुसं इतकी एकसारखी कशी?”

“तशीच राहावीत म्हणून तर हे मशीन, बाबा. पावडर आपोआप मोजून देतं.”

“आणि घाईत जास्त पडली तर?”

“याहून फास्ट एक होतं, पण ते शेवटी भसकन ओतायचं. क्लबातल्यांनी दोन्ही चालवून दाखवली मला. हे शेवटी हळू होतं, दाणा दाणा टाकतं. आम्ही फार्मसीत तेच बघतो.”

“पण आत्ताच कशाला?”

“तुमचा हात थरथरतो, बाबा.”

“तुला कधी दिसलं?”

“मला नाही, आईंना. रविवारी तुमच्या शेजारी विणत बसतात ना, तेव्हा.”

“मग मनीषा मला बोलली का नाही?”

“मोजताना खोलीत कुणी बोलायचं नाही, हा तुमचाच नियम. आणि मोजून झाल्यावर तुम्ही इतके खूश असता, की त्यांना सांगवत नाही.”





“बरं केलंस गं, बाळा. फोन लाव तिला. हॅलो, मनीषा? हो, निघालो. मशीन झकास आहे. नाही नाही, नियम तोच. पण आता चहाच्या आधी आटपेल सगळं. मग तू बोल, मी ऐकतो.”