नकाशात नसलेले तुकोजीकाका

हॅलो?… हां, रुचिका, बोल… नाही गं, कुठली निघतेय! डोक्यात मेहंदी आणि नळाला पाणी नाही… हो, हो, माहितेय, दहाला परीक्षकांसमोर नकाशा मांडायचाय… अगं ऐक ना! आज आमच्या इमारतीत पाणीच चढलं नाही.

मोटर? मोटर ठणठणीत आहे. तिचं बटण शरयूमावशींच्या स्वयंपाकघरात, आणि मावशी आतून कडी लावून झोपल्यात… सात चाळीस झाले! आठला नळ जातो… बडवलं ना दार! विश्वासरावांनी खिडकीखाली स्कूटरचा हॉर्न धरून ठेवला. मागच्या गल्लीतली तीन माणसं उठून आली. मावशी नाही आल्या.

…कारण तुकोजीकाका शिंकले नाहीत.

हसू नकोस. रुचिका, हसू नकोस! तीन महिने आपण काय केलं? डिझाइनच्या नावाखाली या एका इमारतीच्या पाण्याचा नकाशा. कोण कोणावर अवलंबून, त्रेचाळीस वर्तुळं, एकशे बारा बाण. त्यात महापालिका आहे, टाकी आहे, टाकीवर बसणारं माकड आहे… हो, माकडाला दोन बाण. आणि तुकोजीकाका? नाहीतच! रोज पावणेसातला त्यांची शिंक भिंतीतून मावशींच्या पलंगाला धडकते, मावशी उठतात, बटण दाबतात. एकोणीस वर्षं! कोणाला पत्ताच नाही. मावशींना पण नाही. मलाही आज शिंक चुकली तेव्हाच कळलं.

…आजच का? अं… काल मी काकांना डॉक्टरकडे नेलं. दया आली ना यार! एक गोळी घेतली, नाक साफ. इतके खूश आहेत, सकाळपासून जिन्यात उभे राहून सगळ्यांना श्वास घेऊन दाखवतायत.

आपल्या डिझाइनच्या मॅडम विचारायच्या ना, 'कुठलं वर्तुळ काढून घेतलं तर सगळं बंद पडेल?' सापडलं. मीच काढून घेतलं.

आता ऐक, चार्ट तुझ्याकडे आहे ना? मधोमध मोठ्ठं वर्तुळ काढ. आत लिही, 'तुकोजीकाकांची शिंक'… नाही, 'मानवी घटक' नको. शिंक म्हणजे शिंक.

एक मिनिट हं, काकाच आलेत… या ना काका… नाही, नाही, तपकीर नका ओढू, कालच तर बरे झालात… काय बघायचंय? कच्चा नकाशा? थांबा, कपाटावर आहे… रुचिका, ठेवू नकोस…

हे बघा, काका… नाही, ते माकड… तुम्ही नाही आहात यात… अहो, रुसताय काय! विसरले मी… चष्मा लावा ना, नाक कशाला टेकवताय कागदाला? दोन महिन्यांची धूळ आहे त्याच्या—

…

रुचिका? आहेस?… तुला तिकडे ऐकू आली? मग इथलं काय झालं असेल, विचार कर. फोनच पडला हातातून… श्श्, थांब… मावशींची कडी… चपला… अगं मोटर! मोटर चालू झाली! खाली टाळ्या वाजतायत! काका गॅलरीतून हात हलवतायत, रुमाल नाकाला लावून.

काय म्हणता, काका?… हां, सांगते. रुचिका, काका म्हणतायत, वर्तुळ माकडापेक्षा मोठं हवं… आहे ना? बरं. नळ आला! ठेव, ठेव, डोकं धुते!