भिंतीवरचा पिचर

कुवेतमधल्या रिग्गई भागातल्या क्लिनिकमध्ये नर्स मुक्ता पुढच्या पेशंटला हाक मारायला बाहेर आली. बाकावर एक पिकल्या केसांचा सुतार आणि देशातून नवाच आलेला सुयोग मराठीत बोलत होते. सुयोग मोबाइलवरचा फोटो दाखवत होता.

“काका, ही आमच्या कोंडगावची शाळा. भिंतीवर बेसबॉलचा पिचर, बॉल टाकणारा, दिसतोय ना? जुन्या फोटोवरून रंगवलाय. याचा बॉल म्हणे दिसायचाच नाही!”

“नावाआधी ‘कै.’ का लिहिलंय?”

“वारला ना तो. इकडेच आला होता कामाला. फोन नाही, पत्ता नाही. शेवटी गावाने तसंच धरलं.”

“आणि चित्राजवळ ही म्हातारी कोण?”

“त्याची आई. रोज येते, चित्राशी बोलत बसते. काका, घाम कसला फुटलाय तुम्हाला?”

“ती आहे अजून?”

“आहे की! का?”

“ती गेली, असं मला सांगितलं होतं रे कुणीतरी. मग मी फोन तरी कुणाला करणार होतो?”

सुयोग ताडकन उठला. त्याने मोबाइलमधल्या भिंतीवरचा चेहरा पाहिला, मग समोरचा.

“शत्रुघ्नकाका?”

“तिच्या शेजारच्या कुणाचा नंबर आहे का तुझ्याकडे? लाव बाबा, लवकर लाव.”

आता आत जायचा नंबर सुताराचाच होता. मुक्ताने त्याच्या मागच्या पेशंटला आत बोलावलं.