चेनवालीचे उत्पन्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, शहर ग्रंथालयातून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, आपल्या अर्ज सहाय्य केंद्राचे सचिव, कोषाध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, माझ्या टेबलाच्या उजव्या-डाव्या बाजूला वर्षानुवर्षे बसलेले सहकारी, आणि ज्यांचे अर्ज भरता भरता माझी सव्वीस वर्षे गेली ते सर्व हमीदार बंधू आणि भगिनी,

मला दहा मिनिटे दिली आहेत. सचिवांनी तसे कागदावर लिहून दिले आहे. कागद माझ्यासमोर आहे आणि तो मी उलटा ठेवला आहे.

अध्यक्षांनी माझ्याबद्दल बरेच चांगले बोलून घेतले. त्यासाठी त्यांचे आभार. एक मात्र दुरुस्त करते. ते म्हणाले, "बाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही." हे खरे नाही. मी दिवसातून निदान पाच वेळा नाही म्हणत असे. त्याच कामासाठी मला तिथे बसवले होते.

पाहुण्यांना आमचे काम ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. इथे राहणाऱ्या माणसाला आपले माणूस मायदेशातून इकडे आणायचे असेल, आई, नवरा, मूल, तर सरकारला हमी द्यावी लागते, की हे माणूस आल्यावर त्याचा खर्च मी करीन. हमी तोंडी चालत नाही. त्यासाठी हमीपत्र आहे, बारा पानांचे. त्यातला अकरावा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. हमीदाराचे सध्याचे वार्षिक उत्पन्न. घरात जितकी माणसे, त्याप्रमाणे एक किमान आकडा ठरलेला असतो. त्याच्या वर असलात तर माणूस येते. खाली असलात तर येत नाही. रडून तो रकाना भरता येत नाही.

आता अशा रकान्यासमोर माणसे काय काय करतात, ते मी पाहिले आहे. एक पाववाले काका होते. भाचीच्या लग्नात येणारा आहेर त्यांना उत्पन्नात धरायचा होता. "काका, लग्न कधी आहे?" म्हटले. "ठरायचंय," म्हणाले. दुसरे एक गृहस्थ चुलत्याची टॅक्सी आपलीच म्हणून सांगत होते. मी आकडा लिहिला तशी खाली वाकून हळूच म्हणाले, "बाई, एक शून्य वाढवा की. शून्याला काय किंमत असते?" मी म्हटले, "शून्याला तीन वर्षांची कैद असते. बसा नीट."

हसलात, बरे वाटले. पण यातून मला एक खोड लागली, आणि आज मी ती कबूल करणार आहे. समोरचा माणूस आकडा फुगवत असणार, असे मी धरूनच चालू लागले. त्याने सांगितल्यापेक्षा एकानेही जास्त लिहायचे नाही, हा माझा नियम झाला. नव्या मुलींनाही मी तेच शिकवले. केंद्राचा लौकिक याच नियमावर उभा आहे, असे अध्यक्ष मघाशी म्हणाले. खरे आहे. आणि याच नियमाने मी एका बाईचे वाटोळे करीत आणले होते.

त्या बाई आज इथे आल्या आहेत. मागच्या ओळीत, दाराजवळ. सगळी वस्ती त्यांना चेनवाली म्हणते, कारण पँटची, बॅगेची, जाकिटाची चेन बिघडली की सगळे त्यांच्याकडे धावतात. त्यांची हकीगत सांगू का, असे मी काल विचारले. म्हणाल्या, "सांगा, पण आकडा सांगू नका." म्हणून आकडा सांगणार नाही. बाकी सगळे सांगेन.

चेनवाली सकाळी सहा ते दोन हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. दुपारी खोलीवर येते आणि शिवणयंत्रावर बसते. नुसत्या हॉटेलच्या पगारात ती मर्यादेच्या खाली राहते. शिवणकामाचे धरले तर वर जाते. शिवणाचा हिशेब ती एका वहीत ठेवते, कर भरते, पावत्या जपते. इतके नीट कागद मला फार थोड्या हमीदारांनी दाखवले असतील. तिला तिची मुलगी आणायची आहे. मुलगी नऊ वर्षांची असताना ती तिला आपल्या बहिणीकडे ठेवून इथे आली. आज ती मुलगी सतराची आहे. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला अठराची होईल, आणि त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने ती मूल उरणार नाही. मग तिची रांग वेगळी. त्या रांगेत माणसे दहा-दहा वर्षे उभी आहेत. त्यांतले काही याच सभागृहात बसले आहेत.

मागच्या वर्षी चेनवाली माझ्यासमोर बसली. मी घाईत होते. मी नेहमीच घाईत असते. विचारले, "महिन्याला किती सुटतात?" तिने आकडा सांगितला. तो त्याच्या आदल्या वर्षीच्या कराच्या कागदावरून निघणाऱ्या आकड्यापेक्षा कमी होता. मला तो फरक दिसला होता. दिसला नाही असे म्हणणार नाही. मला वाटले, यंदा शिवणकाम कमी आले असेल. सध्याचे उत्पन्न मागच्यापेक्षा कमी असू शकते, अर्जात तशी सोयही आहे. तिने सांगितले ते मी बारा महिन्यांनी गुणले आणि लिहिले. मर्यादेच्या जरासे खाली गेले. "थोडंसं कमी पडतंय, पण बाकीचे कागद भक्कम आहेत, बघू," म्हटले. तिने मान हलवली. अर्ज नामंजूर होऊन आला.

पत्र घेऊन ती आली तेव्हाचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवते.

"बाई, मी इतकं कमी कमावते?"

"तू सांगितलंस तेवढंच लिहिलंय."

"मी तर उरतात ते सांगितले."

"उरतात म्हणजे? कशातून उरतात?"

"पोरीचे पाठवून उरतात ते."

मी चष्मा काढून ठेवला. म्हटले, "अगं, ते पण तुझेच ना? तूच कमावतेस ना ते?"

तर मला म्हणते कशी, "माझे कसे, बाई? पगार झाला की पहिले तिचे बाजूला काढते. तिच्या पैशावर माझी मिळकत म्हणून सही कशी करू? तुम्हीच सांगता ना, खोटं लिहायचं नाही म्हणून?"

सभागृहातल्या सज्जनांनो, सव्वीस वर्षे मी आकडा वाढवणारे पकडले. आकडा कमी करून सांगणारी समोर बसली, तेव्हा मला ती ओळखता आली नाही. आठ वर्षे जिला पोसले, तिला पोसायची ऐपत नाही, असे या बाईच्या नावाने मी सरकारला लिहून दिले. आणि पुरावा कोणता? तिला पाठवलेले पैसेच.

मी दुसऱ्याच दिवशी समितीकडे, म्हणजे आपल्या कार्यकारिणीकडे, गेले. चूक माझी आहे, फेरविचाराचा अर्ज करू, म्हटले. इथे मला अध्यक्षांविषयी आदर राखूनच बोलायचे आहे. त्यांचे म्हणणे असे पडले, की आपल्याला अनुदान मिळते ते शंभरांत पाचच अर्ज नामंजूर होतात म्हणून. ही एक नामंजुरी धरली गेलीच आहे. फेरअर्ज पुन्हा नामंजूर झाला तर ती दोनदा धरली जाईल. तेव्हा फाइल बंद करावी. सचिव म्हणाले, "बाई, एका केससाठी सगळं केंद्र पणाला लावायचं का?" मी त्यांना विचारले, की केसच जर सोडून द्यायच्या, तर आपण केंद्र काढले कशासाठी? आपल्या खुर्च्या झाडायला?

त्याचे उत्तर म्हणून फाइलवर "बंद" असा शिक्का बसला.

मग मी फेरअर्ज माझ्या नावाने केला. केंद्राचे नाव घातले नाही, केंद्राचा कागदसुद्धा वापरला नाही. चार रविवार चेनवालीच्या खोलीवर बसून, शिवणयंत्राच्या झाकणावर तिच्याकडच्या वहीच्या आणि पावत्यांच्या झेरॉक्स ठेवून, एकेक नोंद पुन्हा काढली. हॉटेलचा पूर्ण पगार. शिवणाची जमा, त्यातून दोरा, चेना, यंत्राची दुरुस्ती वजा. मुलीला पाठवलेले वजा नाहीत. ते खर्च आहेत, आणि खर्च करायला आधी उत्पन्न लागते. ती दर ओळीला विचारायची, "हे चालतं ना बाई? नक्की?" मी म्हणायचे, "मला नको विचारू, वहीला विचार."

हे समितीला कळले, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत समितीला माझे वय आठवले. तोवर मी चांगली तरुण होते. आजचा हा निरोप समारंभ त्यातूनच ठरला. तुम्ही माझ्याकडून नवल किंवा रडू यांची अपेक्षा करत असाल तर क्षमस्व. मी दु:खी नाही. जे केले ते उद्या पुन्हा करीन. मला "मानद सल्लागार" हे पद देण्याचे मघाशी जाहीर झाले. ते मी घेत नाही. ज्याचा सल्ला ऐकायचा नाही, त्याला सल्लागार कशाला म्हणायचे?

अध्यक्ष महाशय घड्याळाकडे पाहत आहेत. आता मुद्द्यावरच येते.

परवा सोमवारी सरकारी कचेरीचे पत्र आले. नवीन हिशेब त्यांना पटला आहे. त्यांना फक्त मूळ कागद पाहायचे आहेत. शिवणाची मूळ वही आणि कराच्या मूळ पावत्या. शुक्रवारी चार वाजेपर्यंत. आज बुधवार आहे.

ते मूळ कागद कुठे आहेत? या भिंतीच्या पलीकडे, केंद्राच्या लोखंडी कपाटात, "बंद" शिक्क्याच्या फाइलमध्ये. भाड्याच्या खोल्यांत माणसांचे कागद हरवतात, म्हणून मूळ कागद केंद्रात ठेवायचे, हा नियम मीच केला होता. हीही माझीच कर्तबगारी. तीन आठवड्यांपूर्वी मी चार्ज दिला, तेव्हा किल्ल्याही दिल्या. काल सचिवांकडे फाइल मागितली. ते म्हणाले, बंद फाइलमधले कागद बाहेर काढायला कार्यकारिणीचा ठराव लागतो, आणि पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. सचिवांचे बरोबर आहे. नियम तसाच आहे.

आपल्या नियमावलीत नववे कलमही आहे. कार्यकारिणीच्या सातांपैकी चार सभासद एका जागी असतील आणि दोघांनी मागणी केली, तर तातडीचा विषय तिथल्या तिथे घेता येतो. मी मोजले आहे. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष व्यासपीठावर आहेत. पाळणाघर चालवणाऱ्या काकू आणि आपले निवृत्त पोस्टमास्तर पहिल्या ओळीत आहेत. पाच झाले. निरोपाला का होईना, इतके सभासद वेळेवर जमलेले मी वर्षभरात पाहिले नव्हते.

मी सभासद नाही. मला मागणी करता येत नाही. मी इथे फक्त उभी राहू शकते, आणि उभे राहायला मला काहीच अडचण नाही. सकाळी सहापासून दोनपर्यंत उभ्या राहणाऱ्या बाई मागे बसल्या आहेत, त्यांच्यापुढे माझे काय.

नाही, सचिव, माईक बंद केलात तरी माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो.

काकू उठल्या आहेत. काकूंची मागणी नोंदवून घ्यावी.

कोषाध्यक्ष, तुम्ही दातांचे डॉक्टर आहात. दुखणारी गोष्ट लांबवली की काय होते, हे तुम्ही रोज लोकांना सांगता. धन्यवाद. दुसरी मागणी झाली.

ठराव असा: हमीदार बाईंचे मूळ कागद त्यांना आज, आत्ता, सही घेऊन परत द्यावेत. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. काकू. डॉक्टर. पोस्टमास्तर काका, तुमचा हात कानामागे आहे की वर आहे? वर आहे. तीन झाले. पाचांत तीन म्हणजे बहुमत. अध्यक्षांचा हात टेबलावरच आहे. तशी नोंद व्हावी, कारण इतिवृत्त खरे असले पाहिजे.

सचिव, किल्ली तुमच्या खिशात आहे. डाव्या. वरून दुसरा कप्पा, हिरवी फाइल. आम्ही थांबतो.

तोवर आभार मानून घेते. प्रमुख पाहुण्यांना एका संस्थेची घरगुती भानगड ऐकावी लागली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, त्यांचे आभार. माझ्या सहकाऱ्यांनी माझा आवाज, माझी घाई आणि माझ्या चहाचा कडकपणा सोसला, त्यांचे आभार. अध्यक्षांचेही आभार. त्यांनी मला बोलायला उभे केले नसते, तर पाच सभासद एका छताखाली मला सापडले नसते. आणि आता माझ्या टेबलापाशी बसणाऱ्या मुलींना एकच सांगते. "किती" विचारायच्या आधी "कशातून, आणि काय वजा जाऊन" हे विचारा. मी विचारले नाही.

बोलण्यात उणेअधिक झाले असेल तर माफ करा, असे शेवटी म्हणायची रीत आहे. आज मी इथे जे बोलले आणि केले, त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागत नाही. माझी चूक मागच्या वर्षीची आहे, अकराव्या रकान्यातली आहे, आणि तिची माफी मी तुमच्याकडे मागणार नाही. ती दाराजवळ बसलेल्या त्या एकाच बाईची मागते.

फाइल आली. चेनवाली, ये पुढे. लाजू नकोस, ही जागा तुझीच आहे. हं, धर. थांब, सही लगेच करू नकोस. आधी वही आहे का बघ. पावत्या मोज, एकेक. कुणी म्हणालं म्हणून धरून चालू नकोस. मी म्हणाले म्हणूनही नाही.