शेवटचा येईल तो खुर्चीत

नाही, माझं म्हणणं एवढंच आहे की अशी गोष्ट असेल तर माणसाला आधी सांगायला नको का? कानात सांगा, खुणेने सांगा, चहा पिता पिता सांगा, पण सांगा. सगळ्या ऑफिसला ठाऊक, खालच्या चहावाल्याला ठाऊक, आणि मलाच पत्ता नाही. आणि आमचा धंदा कसला, तर पत्त्यांचा.

तुम्हाला सांगतो, आम्ही सायकलवरचे कुरियर. वकिलाचे कागद, डॉक्टरचे रिपोर्ट, छापखान्याचे नमुने, कुणाचा घरी विसरलेला चष्मा... गर्दीत मोटार जिथे अडकून पडते तिथून आम्ही निघतो. मी लांब जाऊन शहरांच्या वाहतुकीचं शिकून आलो. तिकडेच राहा म्हणत होते, राहिलो नाही. मला वाटलं, या शहराला मोकळा श्वास मिळायचा असेल तर तो सायकलनेच मिळेल, आणि ते खोलीत बसून लिहीत राहण्यापेक्षा आपण स्वतः पॅडल मारावं. अजूनही वाटतं. हसू नका.

तर गेल्या महिन्यात आमचे फोनवाले काका गेले आणि खुर्ची रिकामी झाली. आमच्यात खुर्ची रिकामी झाली की शर्यत लागते. परवानगी नाही, बक्षीस नाही. सुट्टीच्या दुपारी ऑफिसच्या शटरपासून निघायचं, कोर्टाला वळसा, मग पूल, मग हॉस्पिटलचा चढ, आणि परत शटरपुढे खडूने ओढलेल्या रेघेवर. पहिला कोण आला ते संध्याकाळी कुणाला आठवतही नाही. शेवटचा येईल तो खुर्चीत. सायकल भिंतीला टांगायची, फोन घ्यायचे, पत्ते वाटायचे. खुर्चीतून परत रस्त्यावर आलेला माणूस कुणी पाहिलेला नाही.

आणि आमच्यात मामा आहेत. सगळ्यात जुने, सगळ्यांचे मामा. गुडघा असा वाजतो की जिना चढून गेल्यावर त्यांना बेल वाजवावी लागत नाही. घरी एक खोली, त्यात मुलगा, सून, नातवंडं. मामा घरी जातात ते पाठ टेकायला. पण रस्त्यावर? हॉस्पिटलचा रखवालदार मामांना लांबून पाहून फाटक उघडतो, आम्हाला मात्र ओळखपत्र विचारतो. काकांचं सगळं आटोपून परतताना मामा म्हणाले, "मला त्या खुर्चीत घालू नका रे. आत्तापर्यंत तिच्यात बसलेल्या एकेकाला मीच पोचवून आलोय." आमच्यात पोचवणं म्हणजे पाकीट पोचवणं. पण हसलं कुणी नाही.

आता ऐका, त्या सगळ्यांनी काय ठरवलं होतं. आमच्यात एक लांब्या आहे. उंच, पाठीतून गेलेला, आणि घरी बायकोचे दिवस भरत आलेले. त्याला खुर्ची हवीच होती. डोक्यावर छप्पर, वेळेवर घरी. मग काय, सोपं आहे. सगळ्यांनी नेहमीसारखं पुढे जायचं, मामांनी त्यांच्या चालीने यायचं, आणि लांब्याने वाटेत टायरची हवा सोडून मामांच्या मागून यायचं. मामांचा रस्ता राहिला, लांब्याला खुर्ची मिळाली, कुणाच्या मानाला धक्का नाही. उत्तम योजना. मला विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. पण सांगायला नको का?

निघालो. पुलावर मी मागे वळून पाहिलं. मामा येतायत, मान खाली, हळूहळू पण येतायत. त्यांच्या मागे कुणी नाही. लांब्या गायब. मी थांबलो. बाकीचे ओरडतायत, "अरे चल, मागे काय बघतोस!" आणि मला वाटलं, काय ही माणसं, साथीदार मागे राहिला तर वळूनही बघत नाहीत. मी सायकल फिरवली.

कोर्टाच्या भिंतीपाशी लांब्या आरामात शेंगा खात बसलेला. मला पाहिल्यावर शेंगा खिशात.

"पंक्चर," म्हणाला. "तू जा."

मी म्हटलं, "सोडून जायचा नाही."

"अरे, जा म्हणतोय ना."

बघा, खचलाय बिचारा. मी टायर चाचपलं, खिळा नाही, काच नाही, नुसती हवा गेलेली. पंप माझ्याकडे असतोच. भरली हवा. तेव्हा मामांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. पण मी म्हटलं, शेवटचा कोण ते पायांनी ठरवावं, पंक्चरने नाही. आणि पंक्चरच्या मेहेरबानीवर मिळालेला रस्ता मामांनाही नको असेल. हे मी मामांच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं. मामांना कुठे विचारलं होतं?

लांब्याच्या पोटात दुखायला लागलं. मग त्याला लघवीला जायचं होतं. मग त्याचा ब्रेक घासत होता. मी म्हटलं, हा माणूस आतून हरलाय, याला धीर दिला पाहिजे. सांगतो तुम्हाला, एक हात माझ्या हँडलवर, एक हात त्याच्या सीटखाली, आणि तोंडाने भाषण चालू... आपण एकमेकांचे पाय झालं पाहिजे, वगैरे. तो म्हणे, "मला सोड रे बाबा." मी म्हणे, "कधीच नाही." चढाची वाट सोडून छापखान्याच्या गल्लीतून काढला त्याला. त्याच वेळी तिकडे मामा चढावर उतरून सायकल हाताने ढकलत होते, हे मला काय माहीत?

शटर आलं. सगळे पलीकडे उभे, चेहरे पडलेले. मला वाटलं, गहिवरलेत. लांब्याने रेघेच्या अलीकडे करकचून ब्रेक मारला आणि पाय टेकला. मी म्हटलं, एवढ्यासाठी आलास का इथवर? आणि दोन्ही हातांनी त्याला ढकलला.

गेला पलीकडे.

मग लांब्या खालच्या आवाजात म्हणाला, "अरे शहाण्या, शेवटचं मला यायचं होतं." आणि तिथल्या तिथे सगळं सांगितलं. मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणाला, "तू भाषण केलं असतंस."

तेवढ्यात कोपऱ्यावर मामा दिसले. शर्ट पाठीला चिकटलेला, एक पाय पॅडलवरून सारखा सटकत होता. माझं पुढचं चाक रेघेला टेकलेलं. मी ते थोडं मागे घेतलं. मामा आले, माझ्याशेजारी थांबले, दम खाल्ला.

"का थांबलास?"

"चेन उतरलीय मामा."

मामांनी वाकून चेन पाहिली. जागच्या जागी होती, तेलपाणी केलेली. खोटं बोलू नये यावर मी या माणसाला कितीदा तरी ऐकवलंय.

"हं," मामा म्हणाले. "उतरते कधी कधी." आणि माझ्या खांद्यावर हात टेकून, तोल सावरत, रेघ ओलांडून गेले.

झालं. आता फोनवर मी. लांब्या अजून पाठ चोळत चढ चढतो आणि रोज माझ्याकडे त्या दिवशीच्याच नजरेने बघतो. मामांना मी सपाटीवरचे पत्ते काढून ठेवायचो, तर पहिल्याच सकाळी चिठ्ठी टेबलावर सरकवून म्हणाले, "हॉस्पिटलचं दे. माझी सगळी माणसं चढावर आहेत." दिलं. काय करणार?

आणि घरी आई. रस्त्यावर होतो तेव्हा कुणी विचारलं की म्हणायची, "तो अजून शोधतोय." परवा मावशीला फोनवर काय सांगत होती? "अगं, लागला बाई एकदाचा मार्गाला. एवढं शिकल्याचं चीज झालं. बसून काम आहे."

आता तिला कुणी सांगायचं?