घरची गाडी

नाही मॅडम, टेप गुंडाळून देणार नाही. रागवा हवं तर, पण ते नाही. इकडे या, दाखवतो — हा तुमच्या मागच्या लाइटचा कनेक्टर, वायरींचा जोड, बाहेरून कसा नव्यासारखा, आणि आत? हे हिरवं चढलंय ना, ते पाण्याचं काम. गाडी धुतली की पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि रबराच्या सीलला चीर असली की तिथून आत शिरतं. म्हणून तुमची लाइट सकाळी बंद, आणि दुपारी गाडी तापली की चालू — आणि तुम्ही म्हणता, आता लागतेय ना, मग जाऊ दे. तेच फसवं. साफ करायचं, वाळवायचं, नवं सील घालायचं, ते उद्या येईल. टेपनं काय होतं, आत गेलेलं पाणी आतच कोंडतं. कुणी सांगितलं म्हणजे? मीच गुंडाळली होती ना एकदा.

परक्याची नाही हो, घरची गाडी. आमचे भावोजी — थोरल्या बहिणीचे यजमान — बेकरीची व्हॅन चालवायचे. ब्रेक लाइट कधी लागते, कधी नाही, अशी तक्रार. तीनदा सांगितलं त्यांनी. आणि घरचं काम म्हटलं की ते गिऱ्हाइकाच्या मागे, कायमचं. शेवटी बहीणच व्हॅनबरोबर आली आणि उभी राहिली, आता तुम्ही उभ्या आहात ना, तिथेच. मी जोड उघडला, सीलला चीर — दिसली मला, दिसली नाही असं नाही — पण तसलं सील दुकानात नव्हतं, आणायला जायचं म्हणजे अर्धा तास, आणि माझं जेवण व्हायचं होतं. जेवण, मॅडम. फुंकर मारली, फडक्यानं पुसलं, टेप गुंडाळली. तिनं विचारलं, "नीट झालं ना रे?" म्हटलं, "झालं गं, काही होत नाही."

अकरा दिवस काही झालंही नाही. बाराव्या दिवशी सकाळी उतारावर पुढच्या गाड्या थांबल्या, भावोजींनी ब्रेक दाबला, व्हॅन थांबली — मागचा टेम्पो थांबला नाही. व्हॅन पुढच्या ट्रकखाली. भावोजींचा उजवा पाय गेला, गुडघ्यापासून. टेम्पोवाला पहिल्यापासून सांगत होता, लाइट लागलीच नाही, मला कळणार कसं? पण ऐकतो कोण? मागून ठोकलं की चूक मागच्याची. आम्ही सगळे म्हणालो, खोटारडा आहे — सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो. तपासली का नाही? म्हणजे... तपासायला काही राहिलं नव्हतं. आता बोललोच आहे तर — व्हॅन पोलीस चौकीच्या मागे लावलेली, भावोजींचे कागद आणायला मी गेलो होतो. कागद घेतले, आणि मागचं दार उघडून तो जोड टेपसकट कापून खिशात घातला. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी घरचाच माणूस. पुलावर येऊन टेप सोडली, तर बोट ओलं झालं. बाहेर सगळं ठणठणीत कोरडं, आणि आत पाणी. दिलं नाल्यात फेकून.

टेम्पोवाल्याचा परवाना गेला. बाजारात पोती उचलतो आता. लांबून दिसला की मी रस्ता बदलतो. एकदा बदलता आला नाही, अगदी समोरच आला, तर त्यानंच हात जोडले आणि विचारलं, "तुमचे पाहुणे कसे आहेत आता?" बरे आहेत म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

भावोजी इथेच असतात, फोन घेतात, गिऱ्हाइकांशी बोलतात. मीच आणलं त्यांना. बहीण चारचौघांत म्हणते, भाऊ असावा तर असा — आणि मला तिच्या हातचा घास गिळवत नाही. भावोजी तर येईल त्याला सांगतात, आमचा मेहुणा फार काटेकोर, सीलबिल बदलल्याशिवाय गाडी सोडत नाही. काटेकोर! कितीदा ओठांवर आलं. मग वाटतं, सांगून पाय परत येणार आहे का? नाही येणार. पण त्या माणसाचा परवाना आला असता. कळतं हो मला. कळून काय केलं, तर हे — तुम्हाला सांगतोय, ज्यांना मी आजच्या आधी कधी बघितलेलं नाही. नाही, असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय, तुम्ही उद्या गाडी घेऊन जाल, मला रोज त्या कुबडीचा आवाज —

या भावोजी, बसा. काही नाही, मॅडमना सील दाखवत होतो. हो, तेच म्हटलं, घाईचं काम आपण करत नाही. हसताय काय, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. — मॅडम, तुम्ही काही म्हणत होतात का? नाही ना? किल्ली राहू द्या इथेच. दहानंतर फोन करा, भावोजी घेतील. या आता तुम्ही.