चालणारे हंडे

मी इम्रानच्या प्रोजेक्टला मदत केली होती, हे तो अजूनही कबूल करत नाही.

मी नववीतच शाळा सोडली. माझा दोस्त इम्रान मात्र कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकत होता. त्याला फिल्म करायची होती, रिकामे हंडे स्वतःच पाण्याला चालत निघाल्याची. दुसऱ्या दिवशी ती द्यायची होती. मी घरचे पाच हंडे गल्लीत ओळीनं मांडले. प्रत्येक हंडा मी बोटभर सरकवायचा, त्यानं फोटो काढायचा. फोटो भरभर दाखवले की हंडे चालतात.

थोड्या वेळानं वळून बघतो, तर हंडे अकरा!

शिंदेकाकू आपला हंडा टेकवत म्हणाल्या, "टँकर किती वाजता रे?"

दुष्काळाचं वर्ष होतं, ओळ दिसली की लोक हंडा लावायचे. मला बायकांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी नुसती मान हलवली. ओळ कोपऱ्यापर्यंत गेली.

"अबे, बोल ना उनको!" इम्रान खेकसला.

बोलण्याऐवजी मी हंडा सरकवला.

"नंबर मोडतो व्हय रं?" काकू कडाडल्या.

तेवढ्यात नव्या कॉलनीकडं निघालेला टँकर एवढी ओळ बघून थांबला. सगळे हंडे काठोकाठ भरले.

"आता हे कोण सरकवणार?" इम्राननं डोकं धरलं. शेवटी होते तेवढेच फोटो जोडून त्यानं फिल्म दिली. कसाबसा पास झाला.

आठवडाभरानं मागच्या गल्लीतल्या दोन काकू दारात आल्या. "बाळा, तुमचं ते शूटिंग आमच्याकडं कधी?"